किण्वनजन्य आम्लांचे विलगीकरण : चुन्याच्या रीतीची चिकित्सा

सूक्ष्मजीवांकडून सेंद्रिय आम्ले मिळविण्यासंबंधीच्या लेखनात यशाचे माप बहुधा एकच असते : शर्करेपैकी किती टक्के भागाचे आम्ल झाले. ते आम्ल द्रवातून निराळे कसे काढावे, हा प्रश्न अखेरच्या परिच्छेदावर सोपविला जातो. ही विभागणीच मुळात सदोष होय.

शीलेने १७८४ मध्ये लिंबाच्या रसातील सायट्रिक आम्ल कॅल्शियम-क्षाराच्या रूपाने खाली बसविले व गंधकाम्लाने तो क्षार फोडून आम्ल मोकळे केले. १९१७ मध्ये करीने ॲस्परजिलस नायजर या बुरशीचा मार्ग दाखविला. कच्चा माल पालटला, पण शुद्धीकरणाची रीत शीलेचीच राहिली. तिच्यात गुण नाहीत असे नव्हे. कॅल्शियम सायट्रेट थंड पाण्यापेक्षा उष्ण पाण्यात कमी विरघळते. म्हणून द्रव तापवून गाळला असता उरलेली शर्करा व रंगद्रव्ये बव्हंशी द्रवातच राहतात. परंतु रेणुभारांवरून हिशेब मांडला, तर एक टन निर्जल आम्लामागे सुमारे ०.७७ टन गंधकाम्ल खर्ची पडते आणि १.३४ टन जिप्सम उरते. मालापेक्षा गाळच अधिक!

यावर विलायक-निष्कर्षणाचा उपाय सुचविला जातो. थंड स्थितीत तृतीयक अमाइनयुक्त विलायकात आम्ल ओढून घ्यावयाचे व ऊन पाण्याने परत काढावयाचे, ही कल्पना सुबक आहे. मात्र असे अमाइन मुख्यतः अवियोजित आम्लच उचलते, ही अट पुष्कळदा विसरली जाते. पी-एच २ असता सायट्रिक आम्लाचा सुमारे ९३ टक्के भाग अवियोजित असतो, आणि नायजर बुरशी त्याच सुमारास काम करते. लॅक्टिक जिवाणूंना सामान्यतः ५ ते ६ पी-एच लागतो; ५.८६ ला अवियोजित भाग जेमतेम १ टक्का. दोन्ही आम्लांना एकच उपाय लागू करणे म्हणूनच चुकीचे ठरते.

दुसरा आक्षेप प्रयोगपद्धतीवर आहे. शुद्ध पाण्यात आम्ल विरघळवून मिळविलेले आकडे खऱ्या किण्वद्रवाला लावता येत नाहीत. त्यातील प्रथिनांमुळे पायस बनते, विद्युत्-अपोहनाचे पडदे मळतात. शिवाय प्रत्येकी ९५ टक्के प्राप्तीच्या पाच पायऱ्यांनंतर हाती उरतात ७७ टक्केच.

आम्लसहिष्णु यीस्टचा अलीकडील मार्ग या दृष्टीने अधिक विचारार्ह वाटतो. त्यात किण्वनातील प्राप्ती काहीशी घटली, तरी चुना, गंधकाम्ल व जिप्सम यांचा बराचसा भार वाचतो. टक्केवारीच्या कोष्टकात मात्र ही बचत दिसत नाही.