वीरगळ खालून वर वाचताना

करवीर तालुक्यातल्या बीड गावी वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या स्मरणशिळा, पाहायला गेलात, तर त्यांच्यापुढे उभे राहू नका, खाली बसा. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. त्याची गोष्ट मातीलगत सुरू होते.

तळच्या कप्प्यात वीर आडवा पडलेला असतो. शेजारी गाई कोरल्या असतील, तर गावचे गोधन राखताना तो गेला असे समजावे. पाथरवटाने मरण लपवलेले नाही. पहिल्याच ओळीत सांगून टाकले आहे. जवळच झुंज दिसते: ढाल, तलवार, कधी घोडा. त्याच्या वरच्या कप्प्यात दोन्ही बाजूंच्या अप्सरा त्याला हात देऊन वर नेतात, आणि एवढ्या जड दगडात माणसाचे अंग हलके झाल्यासारखे वाटते.

सर्वांत वरच्या कप्प्यापाशी मी दर वेळी थबकतो. शिवलिंगापुढे वीर हात जोडून बसला आहे. त्या हातांत आता तलवार नाही. शौर्याचे फळ म्हणून शिल्पकाराने त्याला निवांत बसायला जागा दिली. माथ्यावर चंद्र-सूर्य: ही आठवण आचंद्रार्क राहो.

बहुतेक वीरगळांवर वीराचे नाव मात्र नसते. ज्यांच्यासाठी तो पडला, ते त्याला ओळखत होते. मग पिढ्या उलटल्या आणि नाव विरून गेले. कुठे जवळच सतीशिळा असते. कोपरात दुमडलेला, बांगड्या ल्यालेला तिच्यावरचा एकटा हात पाहिला की रणातल्या मरणाने घरावर काय ओढवले, ते कळते आणि घशात आवंढा येतो.

याच कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यात, सैनिक टाकळी आहे. पिढ्यान्‌पिढ्या पोरे फौजेत धाडणाऱ्या या गावाने 'सैनिक' हा शब्द आपल्या नावातच घेतला. पत्ता सांगताना, लग्नपत्रिका छापताना तिथे सैनिकाचे स्मरण होते. वीरगळ घडवणाऱ्यांची रीत ती हीच: आठवण रोजच्या वाटेवर ठेवायची.

पण वाटेवरचे कित्येक वीरगळ आज उताणे पडलेत. कुठे पायरी झालेत, कुठे धुण्याचा दगड. चार जणांनी हात लावून त्यांतला एखादा उभा केला, तरी ती मानवंदनाच ठरेल. आडव्या दगडात तो वीर नुसताच पडून राहतो. दगड उभा असेल, तरच तो वर पोहोचतो.