दर्शनी बाजू आणि माया

जुन्या कपड्यांतले बारकावे शोधून त्यावरून नवे शिवण्याची हौस अलीकडे वाढली आहे, आणि ती वाईट नाही. जबलपुरात तर ती हौसेपुरती राहत नाही, तिचा धंदा होतो. तयार सलवार-सूट हा इथला नावाजलेला माल. त्यासाठी गोहलपूरच्या बाजूला लेमा गार्डनमध्ये गारमेंट क्लस्टर उभे राहिले. घरोघरी मशीनवर बसणारे हात वेगळेच. हे सूट मजकुरासारखे वाचायला घेतले तर उसनवारी जागोजाग दिसते. छातीशी अंगरख्याचा बंद, खांद्यावर खणाचा तुकडा, पायाशी चुडीदाराच्या चुण्या. माझी तक्रार उसनवारीबद्दल नाही. उसने घेताना फक्त दर्शनी बाजू घेतली जाते, एवढीच आहे.

अंगरख्याचेच घ्या. मूळ अंगरख्यात समोरचे दोन पदर एकावर एक येतात, आतला पदर छाती झाकतो, आणि बंद बांधले तरच वस्त्र अंगावर टिकते. अंग भरले, रोडावले, पोट आले, तरी गाठ सरकवली की भागते. आपली बाराबंदीही त्याच कुळातली. नावातच बंदांची मोजदाद आहे. मोगलकालीन चित्रांत तर जामा डावीकडे बांधला आहे की उजवीकडे, यावरून माणूस हिंदू की मुसलमान हे अभ्यासक ओळखतात. एवढा अर्थ त्या एका गाठीत होता. आजच्या ‘अंगरखा स्टाइल’ कुर्त्यात दोन्ही पदर मशीनने शिवून बंद केलेले असतात आणि वर एक गोंड्याची दोरी टाचलेली असते. ती काहीच बांधत नाही. सोडली तरी काही सुटत नाही.

यावर कोणी म्हणेल, पुरुषांच्या कोटाच्या बाहीवरची बटणे तरी कुठे काय बांधतात? खरे आहे. निरुपयोगी अलंकाराला कपड्यात जागा असते, भाषेतही असते. पण काही बारकावे असे आहेत की ते गाळले तर नेसणाऱ्याला भोगावे लागते. चौबगळा हा त्यांतला पहिला. काखेत बसवलेला कापडाचा लहान चौकोनी तुकडा, हिंदीत चौबगला. जुन्या कपड्याची बाही धडाला सरळ रेषेत जोडलेली असे, आणि हात वर केला की लागणारी जास्तीची जागा हा तुकडा देई. बाहेरून तो जवळजवळ दिसतच नाही. म्हणून तो कोणाला सुचतही नाही. मग नवा कुर्ता काखेतच उसवतो, आणि आपण दोऱ्याला शिव्या देतो.

कळीची गोष्ट आणखी गमतीची. हातमागाचा पन्हा अरुंद असे. कापडाचा एक लांब आयत तिरपा कापला की दोन कळ्या निघतात. एक उलटी फिरवून लावली की खाली घेर मिळतो आणि चिंधीसुद्धा वाया जात नाही. आज ज्याला आपण ‘कलीदार’ सौंदर्य म्हणतो ते काटकसरीच्या हिशेबातून आले आहे. रुंद पन्ह्याच्या कापडावर मधोमध खोटी शिवण मारून कळीचा नुसता भास निर्माण करणारे कुर्ते मी पाहिले आहेत. चुडीदाराचेही तेच. कापड उरेब कापल्यामुळे त्याला ताण मिळे, पायाची लांबी जास्त ठेवल्यामुळे घोट्याशी चुण्या पडत. विणीच्या ताणाच्या कापडाला यातले काहीच लागत नाही, तरी लेगिंगला चुण्या आहेतच. शेपूट गळाल्यावर माकडहाड उरावे, तशा.

आणि माया. शिवणकामातल्या या शब्दावर मराठीने खरोखर जीव लावला आहे. शिवणीच्या आत राखून ठेवलेले जास्तीचे कापड, म्हणजे माया. मुलगी वाढेल, बाळंतपणानंतर पोलके घट्ट होईल, सासूचे सुनेला करावे लागेल, हे सगळे गृहीत धरून शिवणारीने आत दोन बोटे सोडलेली असत. तयार मालात ओव्हरलॉकचे पाते ती छाटत जाते, आणि कपडा एकाच वयाचा होऊन बसतो.

हे का झाले? कारागीर अडाणी आहेत म्हणून नाही. जुने कपडे आपल्याला दिसतात ते मुख्यतः फोटोंत, आणि फोटो समोरून काढतात. संग्रहालयांनी जपले ते बहुतेक जरीचे, दरबारी. तेही काचेआड, उलटे करून पाहायची सोय नाही. घरातली रोजची पोलकी आणि बंड्या बोहारणीच्या गाठोड्यात गेल्या, उरलेल्यांची गोधडी झाली. उलट बाजू वाचायला मिळालीच नाही, तर तिच्यावरून स्फूर्ती कुठून घेणार?

या बाबतीत भानू अथैयांचे काम पुन्हा पाहण्यासारखे आहे. कोल्हापूरच्या भानुमती राजोपाध्ये. ‘गांधी’साठी 1983 मध्ये जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळवणाऱ्या. ‘आम्रपाली’साठी (1966) त्या अजिंठ्याच्या चित्रांकडे गेल्या. तिथली वस्त्रे बहुतांशी नेसायची, गुंडाळायची. चित्रातली बाई हलत नाही. वैजयंतीमालेला नाचायचे होते. नुसती नक्कल तिथे पहिल्याच गिरकीत सुटली असती. इथून जवळच भेडाघाटच्या चौसष्ट योगिनींच्या कमरपट्ट्यांवरून कोणाला किनार सुचली, तर त्यानेही हा प्रश्न स्वतःला विचारावा: दगडाला चालावे लागत नाही.

‘वक्त’ (1965) मधला साधनाचा घट्ट कुर्ता तर आजच्या सलवार-सूटाचा पूर्वजच. अथैयांनी कळी काढली, कुर्ता अंगासरशी आणला. पण तो बिनबाह्यांचा आहे, हे लक्षात घ्या. बाहीच नाही, म्हणजे काखेचा प्रश्नच नाही. माझ्या वाचनात ती फॅशन जितकी आहे तितकेच ते कापणीचे उत्तर आहे. मागाहून आलेल्यांनी तो घट्टपणा उचलला, त्याला लांब बाही जोडली, आणि चौबगळा परत आणायचे विसरले.

ज्याला खरोखर जुन्यावरून शिवायचे आहे त्याने आजीचे एखादे फाटके पोलके मिळवावे, ब्लेडने टाके उसवावेत, तुकडे वर्तमानपत्रावर पसरून खडूने आखावेत. कुठे जोड दिला, कुठे कापड तिरपे धरले, माया कुठे जास्त सोडली, हे एका दुपारी कळते. व्यापाऱ्यांना हे सांगितले की ते नगामागे लागणाऱ्या वेळाचा हिशेब मांडतात, आणि त्यांचे चुकत नाही: नगावर मजुरी घेणाऱ्या कारागिराला दोन चौबगळ्यांची वेगळी मजुरी कोणी देत नाही. दोरीच्या गोंड्याची मात्र किंमत लागते, कारण तो गिऱ्हाइकाला दुकानाच्या दारातूनच दिसतो.