कृपा आणि पंगत

मिशनवाले सांगतात, नियमशास्त्राचा जमाना संपला, आता माणूस कृपेखाली आहे. आपली पोरं हसतात. ‘कृपा’ म्हटलं की आपल्या कानात जोहार वाजतो. मायबाप, किरपा करा, भाकरतुकडा वाढा. ती कृपा बाबासाहेबांनी आपल्याला टाकायला लावली, तेव्हा हसणं समजतं. पण न वाचता हसायची खोड प्रस्थापित समीक्षकांची. ती आपण का उचलावी?

मूळ कागद काढा. पौलाचं गलतीकरांस पत्र, पहिल्या शतकाच्या मध्यावरचं. हे प्रवचन नाही, भांडण आहे. आणि भांडण कशावरून, तर जेवणावरून! अंत्युखियात पेत्र, येशूचा थेट शिष्य, सुंता न झालेल्या परक्यांच्या पंगतीला बसत होता. मग याकोबाकडची माणसं आली. पेत्र भिऊन हळूच बाजूला झाला. त्याचं बघून बाकीचे यहुदी झाले, पौलाचा सोबती बर्णबासुद्धा. पौलानं पेत्राला सगळ्यांदेखत झाडला. हे काय असतं ते आपल्याला कुणी सांगायला नको. सुधारक आपल्या घरी चहा पितो आणि त्याच्या गावचे पाहुणे दिसले की कप खाली ठेवतो.

कृपेचा सिद्धान्त पत्रात येतो तो या मोडलेल्या पंगतीवरून. नियम पाळून कुणी देवापुढं नीतिमान ठरत नाही, ते विश्वासानं फुकट मिळतं, म्हणून सुंता झालेला वरचा आणि न झालेला खालचा असं उरत नाही. दास-स्वतंत्र, स्त्री-पुरुष हे भेदही तिसऱ्या अध्यायात पुसले जातात. मनूचं दान सत्पात्राला, आणि सत्पात्र कोण ते जन्मानं ठरलेलं. पौलाचं दान पात्रता न बघता. त्या काळात हे धाडस होतं, मानलं पाहिजे.

मात्र एक घाई नको. नियमशास्त्र म्हणजे मनुस्मृती, असं समीकरण मांडायचा मोह होतो. चूक आहे. ते मिसरच्या गुलामीतून सुटलेल्या लोकांचं शास्त्र. तुम्हीही परके होता म्हणून परक्याला छळू नका, असं त्यात आहे. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी (नाताळचाच दिवस) जे जाळलं, ते वेगळं.

खरं नातं दुसरीकडे आहे. १९३६ च्या जातिनिर्मूलनाच्या भाषणात (लाहोरला ते होऊच दिलं नाही) बाबासाहेबांनी नियमांचा धर्म आणि तत्त्वांचा धर्म वेगळे केले. नियम माणसाला हुकमाचा ताबेदार करतो, तत्त्व त्याला जबाबदार धरतं. पौलही नियमांचं जोखड काढतो. पण पुढं वाटा फुटतात. बाबासाहेब माणसाला त्याच्या पायावर उभा करतात, पौल त्याला दात्यापुढं उभा करतो. बाबासाहेबांचा बुद्ध मोक्षदाता नाही, मार्गदाता आहे.

माझा झगडा इथंच आहे. ‘अपात्र असूनही तुला स्वीकारलं’ हे पाप केलेल्याला दिलासा आहे. पण जन्मतःच विटाळ ठरवलेल्याला? आम्ही अपात्र होतो कधी? ते ठरवलं दुसऱ्यांनी. माणसाचं पतन मूळ पापामुळं, ही शिकवण बाबासाहेबांनी समाजशास्त्राच्या कसोटीवर घातक ठरवली. माणूस परिस्थितीनं खाली जातो, असं त्यांचं म्हणणं. धर्मांतरित ख्रिस्त्यांवरचं त्यांचं हे लिखाण शासनाच्या इंग्रजी पाचव्या खंडात १९८९ साली आलं.

शिवाय पौलाचं फिलेमोनास पत्र वाचा. अनेसिम हा दास. त्याला पौल मालकाकडं परत पाठवतो. भाऊ म्हणून घे, अशी चिठ्ठी देऊन. चिठ्ठी प्रेमाची आहे, पण गुलामी मोड असं त्यात स्पष्ट कुठं नाही. पुढं तमिळनाडूत कित्येक चर्चमध्ये दलित ख्रिस्त्यांना वेगळी बाकं आणि वेगळी दफनभूमी मिळाली. कृपा एक, खड्डे दोन. तिथं पेत्र पुष्कळ निघाले. झाडायला उभे राहिले ते दलित ख्रिस्तीच, आणि त्यांना सरकारनंही दार लावलं. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशातून ते बाहेर. १९५६ साली शीख आत आले, १९९० साली आपण बौद्ध आलो. आत आल्यावर आपण मागं वळून किती पाहिलं, हेही अभ्यासवर्गात निघू द्या.

वाचायचं तर गलतीकरांस, अध्याय दुसरा. पेत्रानं काय उत्तर दिलं आणि पंगत पुन्हा बसली का, ते पौल लिहीत नाही.