इर्जीक, सावड आणि वेठ

खेड्यांतील जुन्या परस्परसाह्याविषयीं मराठींत जें हौसेनें लिहिलें जातें, तें आम्हांस गोड परंतु अपुरें वाटतें. इर्जिकीचें चित्र तर लेखकांच्या फारच आवडीचें. एकाची नांगरट मागें पडलेली. गांवचे शेतकरी आपापलीं औतें-बैल घेऊन त्याच्या शेतांत उतरतात, दिवसभरांत काम उरकतें आणि यजमान सर्वांस जेऊं घालतो. चित्र खोटें नाहीं. पण त्यावरून, पूर्वींचीं माणसें निरपेक्ष होतीं व आजचीं स्वार्थी झालीं, असा जो निष्कर्ष काढतात तो आम्हांस मान्य नाहीं.

इर्जिकीचें भावंड जी सावड, तींत हिशेब उघड असे. ज्याच्यापाशीं एकच बैल, तो दुसऱ्या एकबैली शेतकऱ्याशीं सावड करी. आज तुझें शेत, उद्यां माझें. हा हिशेब वहींत नसला तरी चुकविणारा पुढच्या हंगामांत एकटा पडे. आमच्या मतें ह्या व्यवस्थेचें मोल त्या हिशेबांतच आहे. दयेची मदत घेणाऱ्यास मान खालीं घालावयास लावते. सावडींत तसें होत नाहीं.

परंतु ज्याच्यापाशीं बैलच नाहीं त्याचें काय? त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या 'गांवगाड्या'नें (१९१५) गांवचें देणेंघेणें भावुकतेशिवाय तपासलें, हें त्या ग्रंथाचें मोठेपण. मात्र त्यांची दृष्टि कुणब्याच्या बांधावरून पाहणारी आहे. महारवतनाच्या नांवाखालीं जें काम घेतलें जाई, त्यास एक बाजू गांवकी म्हणे, दुसरी वेठ. १८७४ च्या वतन कायद्यांत दुरुस्ती करण्यासाठीं डॉ. आंबेडकरांनीं मुंबई कायदेमंडळांत १९२८ सालीं विधेयक मांडलें. तें वतन कायद्यानें रद्द होण्यास मात्र १९५८ साल उजाडावें लागलें.

इंडोनेशियांत हाच घोटाळा एका शब्दानें केला. 'गोतोंग रोयोंग' म्हणजे शेजाऱ्यांनीं मिळून काम उचलणें. सुकार्नो यांनीं १ जून १९४५ च्या भाषणांत राष्ट्राचीं पांच तत्त्वें ह्या एका शब्दांत सामावतील असें सांगितलें; पुढें सुहार्तो यांच्या राजवटींत सरकारी रस्त्यांसाठीं वरून बोलाविलेल्या बिनमोल श्रमासही तेंच नांव मिळालें. शब्द एकच असल्यामुळें नकार देणारा शेजारधर्माचा द्रोही ठरे. मराठीचें भाग्य असें कीं तिनें इर्जीक, सावड, वेठ हे शब्द वेगळे जपले. आमचे लेखक ते तिन्ही 'सहकार्य' ह्या एका गुळगुळीत शब्दांत विरघळवून टाकतात, ही आमची खरी तक्रार.

येथें धरमपेठेंत बैलांची मौज ती तान्ह्या पोळ्याला, लांकडी बैलांची; तेव्हां शहरी वाचकास इर्जिकीचा मोह पडावा ह्यांत नवल नाहीं. पण येथून जवळच, दीक्षाभूमीवर, १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं लाखों माणसें जमलीं, त्यांत गांवकीच्या कामाचा जाच सोसलेलीं थोडीं नव्हतीं. दया पवारांचें 'बलुतं' (१९७८) त्या बाजूनें लिहिलेलें आहे. गांवच्या एकोप्यावर लिहूं इच्छिणाऱ्यानें 'गांवगाडा' मिटल्यावर तें उघडावें, आणि मग इर्जिकीच्या त्या पंगतींत कोण कोठें बसलें होतें, हेंही आम्हांस सांगावें.