डोळ्याला १२०, हाताला ३०

जानेवारी २०२५मध्ये एनव्हिडियाच्या जेन्सन ह्वांगनी मंचावरून जाहीर केलं: ५४९ डॉलरच्या आरटीएक्स ५०७० मध्ये ४०९०चा परफॉर्मन्स. ४०९० बाजारात आलं होतं १,५९९ डॉलरला. आता यातली सगळी मेख 'परफॉर्मन्स' या शब्दात आहे. खेळ एक फ्रेम काढतो आणि पुढच्या तीनपर्यंत फ्रेम कार्ड एआयच्या अंदाजाने भरतं. आकडा फुगतो तो तिथे.

भरलेल्या फ्रेमला 'फेक' म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी मात्र माझं पटत नाही. पडद्यावरची हालचाल ही मुळातच डोळ्याची समजूत. दादासाहेब फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची थोडीथोडी चित्रं रोज टिपली आणि ते रोप भराभर वाढताना दाखवलं. मधले कितीतरी तास गाळलेलेच होते, तरी बघणाऱ्याला वाढ दिसली. कार्ड याच्या उलट करतं, गाळलेल्या जागा भरतं. डोळ्याची त्याला हरकत नसते.

पण फाळक्यांच्या प्रेक्षकाच्या हातात कंट्रोलर नव्हता.

मधली फ्रेम काढायची तर पुढची खरी फ्रेम आधी हाताशी हवी. म्हणजे तयार झालेली फ्रेम थोडी रोखून धरावी लागते. खेळ मुळात ६० फ्रेमने चालत असेल तर दोन खऱ्या फ्रेममध्ये साधारण १७ मिलिसेकंद असतात. हा उशीर बहुतेकांना जाणवत नाही. ३० असेल तर ३३. तिथे माउस चिखलातून ओढल्यासारखा वाटतो. काउंटर १२० दाखवतो, पण तुम्ही बटण दाबल्यावर मिळणारं उत्तर तिशीच्याच चालीने येतं, वर आणखी उशिरा. रिफ्लेक्ससारख्या सोयी उशीर कमी करतात, पण मुळात नसलेल्या खऱ्या फ्रेम आणून देत नाहीत. शिवाय दोन फ्रेममधलं अंतर जितकं जास्त, तितका अंदाज चुकतो: कुंपणाच्या जाळ्या थरथरतात, धावत्या पात्राच्या कडेला धूसर झालर येते.

म्हणजे ज्याच्याकडे आधीच ६० आहेत त्याला ही सोय छान, आणि ज्याला खरी गरज आहे त्याच्याकडे ती लंगडते. माझा राग एवढ्यावरच आहे. बर्डीत दोन-तीन पगारांतून साठवून कार्ड घ्यायला आलेल्या पोराला 'घे ना भाऊ, डबल फ्रेम देते' असं सांगितलं जातं. ८ जीबीच्या कार्डावर फ्रेम जनरेशन स्वतःच मेमरी खातं, हे सांगायला कोणी थांबत नाही. दुकानात एकच विचारायचं: ते बंद ठेवून किती?

मग वापरायचं का? व्हॅलोरंटसारख्या, निशाण्यावर चालणाऱ्या खेळात मी हात लावणार नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा 'राजी' साध्या कार्डावरही चालतो, तिथे गरजच नाही. पण सायबरपंक २०७७मध्ये पाथ ट्रेसिंग लावून रात्रीच्या शहरातून गाडी हाकायची असेल, आणि आधी डीएलएसएसने रिझोल्यूशन उतरवून खरे ५०-६० मिळत असतील, तर बिनधास्त चालू करा. दुप्पट पुरे, चौपट २४० हर्ट्झच्या मॉनिटरवाल्यांसाठी.

एक फायदा जाहिरातीत फारसा दिसत नाही. नागपुरात मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो आणि कार्ड खोलीत शेगडीसारखं तापतं. १२० हर्ट्झच्या मॉनिटरवर खरे ६० आणि भरलेले ६० चालवले, तर सगळे १२० खरे काढण्यापेक्षा कार्डाला कमी राबावं लागतं. वीज कमी, पंख्यांचा आवाजही कमी. कूलरचा तेवढा राहतोच.