छपाईचे काम कोणत्या वर्गाचे?

मायक्रोसॉफ्टच्या एमएफसी (१९९२) या संचात माहिती ‘डॉक्युमेंट’ वर्गाकडे व तिचे दर्शन ‘व्ह्यू’ वर्गाकडे असते. छपाईही व्ह्यूकडेच सोपविलेली आहे. तेथील ‘ऑनप्रिंट’ मुळात ‘ऑनड्रॉ’लाच बोलावते, म्हणजे पडद्यावर रेखाटणारी क्रियाच कागदावरही रेखाटते. एखाद्या आकृतीपुरती ही काटकसर उत्तमच. परंतु निकालपत्रक छापायचे झाल्यास ती अपुरी पडते. पडदा सरकतो, कागद संपतो. प्रत्येक पानावर मथळा पुन्हा हवा, एका विद्यार्थ्याची नोंद दोन पानांत तुटू नये, उर्दू नाव उजवीकडून सुरू व्हावे. हे सारे व्ह्यूमध्ये कोंबले की खिडकी न उघडता शंभर निकालपत्रके काढणे अवघड होऊन बसते.

उलट, ‘विद्यार्थी’ या वर्गातच छपाई घालणारेही पुष्कळ आहेत. आमच्या मते हे त्याहून वाईट. गुण बाळगणाऱ्याला समासाची मापे कशाला ठाऊक असावीत? उर्दू शिळाछापात मजकूर लेखकाचा असे, पान कातिब लिही आणि छापी तो छापखाना.

जावाच्या १.२ आवृत्तीतील (१९९८) ‘प्रिंटेबल’ या कातिबाला जागा देते. त्याला पानाचा क्रमांक व मापे मिळतात. तो पान रेखाटतो किंवा असे पान नाही म्हणून कळवतो. (खिडकीलाच ‘प्रिंटेबल’ करणारे आहेतच, तो दोष रचनेचा नव्हे.) मात्र एकच पान त्याच्याकडे पुन्हा मागितले जाऊ शकते. म्हणून रेखाटता रेखाटता नोंदी मोजत पुढे जाणाऱ्याची पाने चुकतात. पानांची विभागणी छपाईपूर्वीच, स्वतंत्र वर्गात झालेली असावी लागते.