नभोवाणीवरील इतिहास

नभोवाणीने इतिहास घरोघर पोचविला, याबद्दल तिचे उपकार मानावेत तितके थोडेच. मुंबईचे केंद्र 1927 साली सुरू झाले. पुढे ज्या घरांत बखरीचे पान कधी उलगडले नव्हते, तेथेही पेशवाईच्या गोष्टी भाषणांतून व चर्चांतून जाऊ लागल्या. आता तशाच चर्चा भ्रमणध्वनीवर वाटेल त्या वेळी ऐकावयास मिळतात. तेव्हा या ऐकीव इतिहासाची पारख कशी करावी, हे पाहणे अवश्य झाले आहे.

इतिहास कानांनी ऐकणे आपणांस नवे नाही. कीर्तनाच्या उत्तररंगात व शाहिराच्या पोवाड्यात आपल्या वाडवडिलांनी तो ऐकलाच होता. परंतु डफावर थाप पडली की अतिशयोक्तीस मुभा मिळाली, हे श्रोत्यास ठाऊक असे. नभोवाणीवरील वक्ता डफ वाजवीत नाही. तो संथ व गंभीर स्वराने बोलतो, आणि म्हणून त्याच्या आख्यायिकेसही पुराव्याचा वेष चढतो.

वसईचेच उदाहरण घेऊ. त्या तालुक्यातील चांदीपसारख्या गावी घरी बसून कोणी 'वसईचा तह' एवढेच शब्द ऐकले, तर त्याने कोणता तह समजावा? 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने ज्या तहाने वसई पोर्तुगीजांस दिली तो, की 1802 मध्ये दुसऱ्या बाजीरावाने ज्या तहाने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली तो? वाचकास पान मागे उलटता येते. श्रोत्याचे तसे नाही. म्हणून सन दोनदा सांगणे हा वक्त्याचा धर्मच होय.

याहून गंभीर गोष्ट 1739 च्या विजयाची. किल्ला हाती येत नसेल तर आपले मस्तक तरी तोफेने आत उडवा, असे चिमाजीअप्पा म्हणाले, ही आख्यायिका वक्त्यांस फार प्रिय आहे. ती ऐकून अंगावर रोमांच उभे राहतात, हे आम्हीही मान्य करतो. परंतु 1737 पासून चाललेली मोहीम, तटाखाली खणलेले सुरुंग, आणि अखेरीस 16 मे 1739 रोजी ठरलेली शरणागतीची कलमे यांस त्या मानाने जागा थोडी मिळते. त्या कलमांनी पोर्तुगीज शिबंदीस शस्त्रांसह सन्मानाने बाहेर पडू दिले, व मागे राहू इच्छिणाऱ्या ख्रिस्ती प्रजेस आपला धर्म पाळण्याची मोकळीक दिली. ही कलमे गाळली की उरतो तो केवळ एका धर्माने दुसऱ्यावर मिळविलेला जय. पोर्तुगीज अमलातील धर्मच्छळ झाकावा, असे आमचे म्हणणे नाही. तो सांगितलाच पाहिजे. पण विजेत्याने दिलेला शब्दही त्याच इतिहासाचा भाग आहे. जेथे हिंदू व ख्रिस्ती कुटुंबे आजही शेजारधर्माने नांदतात, तेथील मुलाच्या कानी अर्धीच हकीकत पडावी, ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

यावर उपाय चर्चेतच आहे. भाषणात वक्ता एकटा असतो. चर्चेत दुसरा माणूस असतो, व 'कशावरून?' एवढे विचारणे हेच त्याचे काम. तो केवळ माना डोलावू लागला, तर चर्चा म्हणजे दोघांनी मिळून केलेले भाषण ठरते.

पुरावा सांगू लागल्यास श्रोते कंटाळतील, ही भीतीही आम्हांस खरी वाटत नाही. वसईनजीकच्या सोपाऱ्यास 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकरला, आणि त्याच वर्षी तेथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. मृगयेच्या सहली सोडून राजाने धर्मयात्रा आरंभिल्याचे सांगणारा तो लेख. फुटक्या दगडावरील चार अक्षरांवरून विद्वानांनी तो कसा ओळखला, ही हकीकत कोणत्या आख्यायिकेहून कमी रसाळ आहे? ती नीट सांगणारा वक्ता श्रोत्यास एक गोष्ट तर देतोच. शिवाय पुढील प्रत्येक गोष्ट पारखण्याची दृष्टीही देतो.